पनवेलच्या टपरीवर बाळूंचे नाव का निघत नाही?

रविवारी सकाळी पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ चहाला उभे राहिले की क्रिकेटचा वाद कानावर पडतोच. सचिन की विराट, धोनी की रोहित! टेनिस बॉलच्या स्पर्धांत गावोगाव खेळणारी ही पोरे. त्यांना क्रिकेट आम्ही काय शिकवणार? पण परवा वाद विनोद कांबळीवर आला आणि आम्ही कप खाली ठेवला.

"काका, १७ कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४. १९९३ मध्ये लागोपाठ दोन द्विशतके. आणि तेविसाव्या वर्षी कायमचा बाहेर! सांगा, का?"

एक म्हणाला, "जात." दुसरा म्हणाला, "आखूड टप्प्याचा चेंडू." चहा निवला, वाद निवला नाही.

कांबळीला वगळताना कोणाच्या मनात काय होते, याचा कागद आमच्यापाशी नाही. १९९४ मध्ये वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यापुढे तो चाचपडला, हे मात्र सगळ्यांनी पाहिले. संशय वेगळा, पुरावा वेगळा. कागद काढून बोलायची सवय आम्हाला बाबासाहेबांनीच लावली ना?

पुरावाच हवा तर शंभर वर्षे मागे चला. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना ४ रुपयांवर खेळपट्टी राखत. साहेबांना सरावासाठी तासन् तास डावखुरी फिरकी टाकायची. हातात बॅट घ्यायची मुभा नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचे होते, म्हणून बाळू चालले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्णांना चालत होता, पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात! चेंडूला विटाळ नाही, कपाला विटाळ. हे शास्त्र कोणत्या ग्रंथात लिहिले आहे ते मनुवाद्यांनाच विचारा.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंची गोलंदाजी निर्णायक होती. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि दौऱ्यात ११४ बळी घेऊन आले. एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूंना वगळले, कप्तानपदही भावांना डावलून दुसऱ्याकडे गेले, तेव्हा धाकटे विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेऊन जाहीर निषेध केला. महाडच्या सत्याग्रहाच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट! १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि युरोपियनांना हरवून त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली.

आता आमच्यातलेच काही म्हणतील, बाळू तर १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे होते! होते. सुमारे दोन हजार मतांनी पडले. त्याआधी १९३२ मध्ये त्यांनी संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली, पुणे करारावरही त्यांची सही आहे. त्यांचे राजकारण आम्हाला तेव्हाही पटण्यासारखे नव्हते, आजही नाही. पण म्हणून ११४ बळी पुसायचे का? पाटी कोरी ठेवण्याचे काम दुसरे लोक करीतच आहेत. रणजी, दुलीप, इराणी, देवधर, विजय हजारे, सय्यद मुश्ताक अली... इतक्या स्पर्धांना नावे दिली गेली. त्यातले रणजी तर कसोटी खेळले ते इंग्लंडकडून! बाळूंच्या वाट्याला एवढी एकही स्पर्धा आली नाही.

(जाता जाता एक. २ नोव्हेंबर २०२५ ला पनवेलपासून लोकलच्या अंतरावर, नेरूळच्या मैदानात आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. टपरीवरच्या तासाभराच्या वादात एकाही मुलीचे नाव निघाले नाही. ते आम्हालाही घरी गेल्यावर सुचले!)

हे सगळे सांगितल्यावर एका पोराने विचारले, "बाळू कसोट्या किती खेळले?" एकही नाही. भारताची पहिली कसोटी झाली १९३२ साली, तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती.

पोरे थोडा वेळ गप्प राहिली. मग त्यांची नेहमीची सर्वकालीन अकरा जणांची यादी निघाली. एका फिरकीपटूला काढून बाळूंना घेतले, दहाव्या नंबरला. कप्तान कोण, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.