भूमीचा पहारा

१९४५ पासून जगात दोन हजारांहून अधिक अणुचाचण्या झाल्या आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भूमिगत होत्या. जमिनीखाली स्फोट केला म्हणजे तो झाकला जातो, हा समज मात्र फार काळ टिकला नाही. अशा स्फोटाच्या लहरी हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपमापकावरही आपली खूण उमटवितात. या खुणा टिपण्यासाठी भारतात जे केंद्र १९६५ मध्ये सुरू झाले, ते कर्नाटकातील गौरीबिदनूरचे होय. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आधिपत्याखालील या केंद्राचा इतिहास अणुशक्तीपुरताच मर्यादित नाही. मोजमाप आणि विश्वास यांच्या परस्परसंबंधाचाही तो इतिहास आहे.

५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत युनियन व ब्रिटन यांनी मॉस्को येथे अंशतः चाचणीबंदीचा करार केला. वातावरण, अंतराळ आणि पाण्याखालील चाचण्या त्याने निषिद्ध ठरविल्या. भूमिगत चाचण्या मात्र वगळल्या. भूकंप कोणता आणि स्फोट कोणता हे दुरून खात्रीने सांगता येईल काय, आणि न आल्यास परक्या निरीक्षकांना आपल्या भूमीवर येऊ द्यावे काय, यावर एकमत झाले नाही. साहजिकच मोठ्या राष्ट्रांनी भूकंपशास्त्रावर मुक्तहस्ते पैसा खर्च करण्यास सुरुवात केली. ब्रिटनच्या पुढाकाराने स्कॉटलंड, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे मापकांच्या रांगा उभ्या राहिल्या. गौरीबिदनूर येथेही ब्रिटिश सहकार्याने इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकारात वीस मापके बसविण्यात आली.

एकाऐवजी वीस मापके कशासाठी? वारा, वाहने, समुद्राच्या लाटा यांमुळे जमीन सतत थरथरत असते. अनेक मापकांच्या नोंदी योग्य कालांतराने जुळवून एकत्र केल्या, की ही फुटकळ थरथर परस्परांत विरते आणि दूरवरचा क्षीण संकेत उठून दिसतो. स्फोट सर्व दिशांना सारखाच ढकलतो. भूकंपात मात्र खडकांचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात, म्हणून काही केंद्रांना पहिला धक्का बाहेर ढकलणारा, तर काहींना आत ओढणारा भासतो. शिवाय स्फोटाच्या पृष्ठलहरी त्या मानाने दुर्बळ असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परस्परांवरील संशयापोटी जमिनीत रोवलेल्या या यंत्रांचा लाभ संशयापलीकडच्या कामाला झाला. त्याच दशकात अमेरिकेने उभारलेल्या जागतिक जाळ्यात पुण्याचेही केंद्र होते. या जाळ्याच्या नोंदींनी भूपट्टांच्या हालचालींच्या सिद्धान्तास बळकटी दिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि सुमारे १८० माणसे दगावली, तेव्हा दख्खनचे पठार अचल आहे ही समजूतही ढासळली. जलाशयाच्या भारामुळे व खडकात झिरपणाऱ्या पाण्यामुळे भूकंप उद्भवू शकतात, या विषयाच्या अभ्यासात कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते.

मोजमापाची धार स्वतःच्या दाव्यांनाही लागते, हे ११ मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर दिसले. त्यांची एकत्रित शक्ती सुमारे ६० किलोटन असल्याचे भारताने जाहीर केले; अनेक परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी ती बरीच कमी असल्याचे मत मांडले. भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी भूकंपनोंदींच्याच आधारे त्यास उत्तर दिले. पुढे २००९ मध्ये के. संथानम या चाचण्यांशी संबंधित भारतीय शास्त्रज्ञानेही शंका उपस्थित केली. वादाचा निकाल काहीही असो. तो अनेकांच्या नोंदी समोर ठेवून लढला गेला, हे महत्त्वाचे.

अर्थशास्त्राच्या भाषेत अशी नोंद ही सार्वजनिक वस्तू होय. एकाने वापरली म्हणून ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि बाजारात तिला गिऱ्हाईक नसते. म्हणूनच तिचा खर्च शासनाने करावयाचा असतो, आणि तोही धरणी शांत असलेल्या वर्षांत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात हजारो माणसे मृत्युमुखी पडल्यावर भूकंपमापनाची आठवण सर्वांनाच झाली. परंतु आपत्तीनंतर घेतलेले यंत्र आपत्तीपूर्वीची नोंद देऊ शकत नाही.

हा प्रश्न नाशिककरांना परका नाही. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली 'मेरी', १९५९ पासून धरणांच्या शास्त्राची जबाबदारी वाहते आहे. कळवण, पेठ, सुरगाणा भागांतील सौम्य धक्क्यांच्या बातम्यांत तिच्या भूकंपमापकाचा हवाला असतो. ज्या आदिवासी पाड्यांवर भांडी खडखडतात, तेथे रिश्टरचा आकडा पुरेसा नाही. धक्का कोठे झाला, किती खोल होता, घराची भिंत कशी बांधावी, हे साध्या मराठीत शाळेपर्यंत आणि ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचले पाहिजे. अण्वस्त्रधारी राष्ट्रांना परस्परांवर विसंबण्यासाठी उघड्या नोंदींची गरज भासली. आपल्याच नागरिकांचा विश्वास त्यापेक्षा स्वस्तात मिळेल, असे शासनाने मानू नये.