उंबऱ्याबाहेरचे अभ्यासक

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात एक तरुण संशोधक आला होता. हातात छापील प्रश्नावली. घरात माणसं किती, शिक्षण किती, मिळकत किती, सारं त्यानं नीट लिहून घेतलं. दिवस रमजानचे होते. मी म्हटलं, ‘इफ्तारला थांबा.’ तो म्हणाला, ‘सर, शेवटची बस चुकेल.’ तो गेला. मला वाटलं, मोहल्ला कागदावर उतरला, पण खजुराकडे पाहत अजानची वाट बघणारी मुलं काही उतरली नाहीत. जिथं आपण राहत नाही, तिथलं जगणं आपल्याला कितपत कळतं?

मोहल्ला आपल्याला जन्मानं मिळतो. काही वस्त्या मात्र माणसं ठरवून वसवतात. एक विचार, एक स्वयंपाकघर, एक तिजोरी. १९१० साली देगानियापासून सुरू झालेले किबुत्झ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथं मुलं आईबापांजवळ न झोपता बालगृहात झोपत. साहजिकच जगभरच्या विद्वानांना कुतूहल वाटलं.

मेलफोर्ड स्पायरो हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५१ साली पत्नीसह एका किबुत्झमध्ये जाऊन राहिले. त्यांचं पुस्तक १९५६ मध्ये आलं. ब्रुनो बेटेलहाइम हे मानसतज्ज्ञ १९६४ मध्ये गेले, तेही जेमतेम सात आठवडे, आणि हिब्रू भाषा न येता. १९६९ साली त्यांनी लिहिलं की, ही मुलं गटाशी घट्ट बांधलेली असतात, पण त्यांच्या खासगी भावना उथळ राहतात. पुस्तक गाजलं. पण ज्या भाषेत मूल रात्री आईला हाक मारतं, ती भाषाच येत नसेल, तर त्याच्या भावनेची खोली मोजायची कशानं?

मग राहिल्याशिवाय लिहूच नये का? तसंही नाही. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७२ च्या पुस्तकात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या तीस वसाहती तपासल्या. त्यातल्या बहुतेक केव्हाच मोडल्या होत्या. राहायला जाणार कुठं? कागदपत्रांवरूनच त्यांनी दाखवलं की, ज्या वसाहतींनी माणसाकडून त्याग मागितला, येतानाच मालमत्ता समूहाच्या स्वाधीन करायला लावली, त्या जास्त टिकल्या. एका घरात राहणाऱ्याला तीस घरांची तुलना कुठून सुचणार?

आणि आतल्या माणसाचाही चष्मा असतोच. ओनायडा वसाहतीचे संस्थापक जॉन नॉइस यांनी १८७० साली अशा प्रयोगांचा इतिहास लिहिला. धर्माचा आधार असेल तरच समूह टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांची वसाहत धार्मिकच होती! पुढं १८८१ मध्ये तीही सामुदायिक जीवन सोडून भागीदारांची कंपनी झाली.

म्हणून मला वाटतं, अभ्यासकानं तिथं राहावंच असा हट्ट नको. पण आपण किती दिवस होतो, कुठल्या भाषेत विचारलं, कुणाच्या ताटात जेवलो, हे त्यानं आधी सांगावं. आणि जमलं तर परत जावं. स्पायरो परत गेले. १९७९ च्या पुस्तकात त्यांनी आपलीच जुनी मतं बदलली. मुलांना वेगळं झोपवण्याची रीत पुढं किबुत्झनीही सोडली.

आता त्या तरुणाबद्दल. वर्षभरानं त्यानं अहवालाची प्रत पाठवली. त्यातल्या एका तक्त्यानं मी गप्प झालो. आमच्या गल्लीतल्या किती मुली सातवीनंतर शाळेतून गळाल्या, त्याचा तो आकडा होता. त्या मुलींना मी रोज पाहत होतो, त्यांचे सलाम घेत होतो. पण मोजलं नव्हतं. ते मोजलं, बस पकडायची घाई असलेल्या परक्या पोरानं.

इफ्तारला मात्र त्यानं थांबायला हवं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)