विश्लेषण : टीव्हीच्या अँटेनाला ‘बूस्टर’ लावून नाशिकमध्ये फायदा होतो का?

केबल किंवा डीटीएचचा मासिक खर्च वाचवण्यासाठी अनेक जण ऑनलाइन ‘बूस्टरसह डिजिटल अँटेना’ शोधतात. खिडकीत लावा आणि फुकट चॅनेल पाहा, असे दावे त्यात केलेले असतात. पैसे खर्च करण्यापूर्वी बूस्टर काय करू शकतो आणि काय नाही, हे समजून घ्यायला हवे.

बूस्टर नेमके काय करतो?

अँटेनाने पकडलेला सिग्नल अतिशय क्षीण असतो. टीव्हीपर्यंत जाताना केबलमध्ये तो आणखी घटतो. नेहमीच्या आरजी-6 केबलच्या 30 मीटर लांबीत यूएचएफ सिग्नल सुमारे 5 डेसिबलने कमी होतो, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश उरतो. बूस्टर, म्हणजेच प्रीअॅम्प्लिफायर, ही घट आधीच भरून काढतो. मात्र जो सिग्नल अँटेनापर्यंत पोहोचतच नाही, तो त्याला निर्माण करता येत नाही.

तो टीव्हीजवळ का लावू नये?

बूस्टर सिग्नलसोबत गोंगाटही (नॉइज) वाढवतो. केबलमध्ये सिग्नल गोंगाटाच्या पातळीपर्यंत घसरल्यावर टीव्हीमागे बूस्टर लावला तर दोन्ही सारखेच वाढतात. म्हणून त्याची जागा अँटेनालगत, खांबावरच. दुसरीकडे, जवळच्या मोबाइल टॉवरचा सिग्नल फार तीव्र असेल तर बूस्टर गुदमरतो आणि चित्र सुधारण्याऐवजी बिघडते. जुन्या अॅनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या दिसत, पण चित्र कळत असे. डिजिटलमध्ये तशी सवलत नाही. चित्राचे चौकोन पडतात आणि लगेच ते गायब होते.

नाशिकमध्ये अशा अँटेनावर चॅनेल दिसतील का?

दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये डीव्हीबी-टी2 तंत्रज्ञानाचे जमिनीवरील डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा पहिल्या 16 शहरांच्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) होते. नाशिक नव्हते. मोजके मोक्याचे ट्रान्समीटर वगळता जुने अॅनालॉग प्रक्षेपणही 2022 पर्यंत बंद झाले.

मग मुंबईचा सिग्नल पकडता येईल का? वरळीचा दूरदर्शन मनोरा सुमारे 300 मीटर उंच आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या उंचीवरून लहरी जमिनीवर साधारण 70 किलोमीटरपर्यंत सरळ पोहोचतात. नाशिक त्याच्या दुप्पट अंतरावर आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. ही दरी कोणताही बूस्टर ओलांडू शकत नाही.

मग स्वस्तातला पर्याय कोणता?

दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ सेवा. तिला मासिक शुल्क नाही. डिश आणि सेट-टॉप बॉक्स एकदा घ्यावे लागतात. तिचा सिग्नल जीसॅट-15 या उपग्रहावरून येतो. नाशिकहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंश उंचीवर आहे. त्या दिशेला झाड किंवा इमारत आड येऊ नये, एवढे पाहावे लागते.

या छत्रीचा बूस्टर आधीच तिच्यासोबत येतो. छत्रीसमोरच्या दांडीवरील एलएनबी म्हणजे प्रीअॅम्प्लिफायरच. सुमारे 36 हजार किलोमीटरवरून आलेला सिग्नल तो तिथल्या तिथे वाढवतो आणि केबलमधून जाऊ शकेल अशा कमी फ्रिक्वेन्सीत बदलतो. त्याला वीज सेट-टॉप बॉक्सकडून त्याच केबलमधून मिळते.

पावसात चित्र गेले तर?

मुसळधार सरींमध्ये या लहरी पाण्यात शोषल्या जातात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या पावसाळी पट्ट्यात हा अनुभव नवा नाही. बूस्टर इथेही उपयोगी नाही. मोठी छत्री मात्र मदत करते. 60 ऐवजी 90 सेंटिमीटरची छत्री सव्वादोनपट सिग्नल गोळा करते.

आधी काय तपासावे?

सेट-टॉप बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलची ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ दिसते. क्वालिटी कमी असेल तर छत्रीची दिशा, एलएनबी आणि गंजलेले कनेक्टर तपासावेत. क्वालिटी छत्रीजवळ चांगली पण टीव्हीपाशी कमी असेल, तर दोष लांबलचक किंवा खराब केबलचा. अशा वेळी चांगली केबल टाकावी, आणि ती खूपच लांब असेल तर छत्रीकडच्या टोकाला लाइन अॅम्प्लिफायर लावावा. बूस्टरचा खर्च केवळ याच बाबतीत कामी येतो.