दुरून सुरू होणारी मोटार

कॅनडातल्या विनिपेग शहरात जानेवारीत पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या काचांवर बर्फ जमतो, सीट दगडासारखी थंडगार पडते. अशा सकाळी तिथली माणसं घरातूनच रिमोटचं बटण दाबतात. बाहेर गाडीचे दिवे लुकलुकतात, इंजिन सुरू होतं आणि चहा संपेपर्यंत गाडी ऊबदार झालेली असते. मुलाकडे किंवा लेकीकडे हिवाळ्यात राहायला गेलेल्या आपल्या मंडळींना याचं मोठं नवल वाटतं. आता ही सोय आपल्याकडेही आली आहे. २०१९ साली बाजारात आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूच्या ऑटोमॅटिक गाडीत मोबाइलवरून इंजिन सुरू करता येऊ लागलं. तिकडे ऊब हवी असते, नागपूरच्या मे महिन्यात एसीचा गारवा, एवढाच काय तो फरक.

ही यंत्रणा काम कशी करते? आपण चावी फिरवतो तेव्हा आधी गाडीतली वीज सुरू होते, मग इग्निशन, आणि शेवटी सेल्फ लागतो. रिमोट स्टार्टचा छोटा डबा डॅशबोर्डखाली बसवतात आणि चावीमागच्या तारांना जोडतात. रिमोटचा हुकूम मिळाला की हा डबा रिलेच्या साहाय्याने तोच क्रम पार पाडतो. इंजिनाने वेग घेतला की सेल्फ सोडून देतो. ठरलेल्या वेळात, बहुधा दहा ते वीस मिनिटांत, कोणी गाडीत आलं नाही तर इंजिन बंदही करतो.

इंजिन सुरू करणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो केव्हा सुरू करायचं नाही, हे कळण्याचा. चावी फिरवणारा माणूस गाडीत बसलेला असतो. गिअर कुठे आहे, बॉनेट उघडं तर नाही, हे तो पाहतो. रिमोट दाबणारा यातलं काहीच पाहत नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांचं काम स्विचांवर सोपवलेलं असतं. बॉनेट उघडं असेल तर एक स्विच इंजिन सुरू होऊ देत नाही. मेकॅनिकचा हात पट्ट्याजवळ असताना कुणी घरातून बटण दाबलं, तर काय होईल याची कल्पना करा! ब्रेकच्या पेडलवर पाय पडला की दुसरा स्विच यंत्रणा बंद पाडतो. तिसरा गिअरवर नजर ठेवतो.

हा तिसरा पहारेकरी आपल्याकडे फार महत्त्वाचा. आपल्या बऱ्याच गाड्या हाताने गिअर टाकायच्या, आणि उतारावर पहिल्या गिअरमध्ये गाडी ठेवायची आपली जुनी सवय. अशा गाडीत नुसतेच रिले जोडून दिले, तर बटण दाबताच गाडी उडी मारून पुढे जाईल. समोर भिंत असेल, नाहीतर खेळणारं मूल. म्हणून चांगल्या यंत्रणेत एक शिस्त घालून दिलेली असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू ठेवूनच चावी काढायची, उतरून दारं बंद करायची आणि मग रिमोटने इंजिन बंद करायचं. त्यानंतर एक दार जरी उघडलं तरी पुढच्या वेळी गाडी रिमोटने सुरू होत नाही, कारण आत येऊन कोणी गिअर टाकला नसेल याची खात्री उरत नाही. ही सोय नसलेलं यंत्र हाताच्या गिअरच्या गाडीला बसवूच नये.

बसवण्याचं काम जाणकाराकडेच द्यावं. स्टिअरिंगजवळ पिवळ्या आवरणातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. इतर तारा ओळखायलाही बल्बचा टेस्ट लॅम्प न वापरता डिजिटल मीटर वापरावा. सांधे नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले नकोत, सोल्डर केलेले हवेत. अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवावी.

आता बिघाडाकडे वळू. इंजिन सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडतं? मग इमोबिलायझरकडे पाहा. चावीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणारी ही चोरीविरोधी व्यवस्था कॅनडात नव्या गाड्यांना २००७ पासून सक्तीची झाली. रिमोट स्टार्टला तिच्याशी बोलणारा वेगळा जोडभाग लागतो. सेल्फ गरजेपेक्षा जास्त वेळ घरघरत राहतो? मग इंजिनाचा वेग यंत्रणेला नीट शिकवलेला नाही. फक्त कडाक्याच्या थंडीत त्रास होतो? शून्याखाली १८ अंशांना बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, तेव्हा आधी बॅटरी तपासा. रिमोट जवळ नेल्यावरच चालतो? त्यातला सेल बदला. नुसतेच दिवे लुकलुकतात, इंजिन ढिम्म? मग लुकलुक मोजा. अनेक यंत्रणा त्या आकड्यातून कारण सांगतात, आणि त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

बरेचदा हे कारण म्हणजे एखादा स्विचच निघतो. बॉनेटचा स्विच पाण्याने गंजतो आणि बॉनेट बंद असूनही उघडं असल्याचं कळवत राहतो. इथेच मोह होतो. त्याची तार कापली की गाडी लगेच सुरू होते, गिऱ्हाईक खूश! पण त्या दिवसापासून गाडीचा एक डोळा फुटलेला असतो. स्विच स्वच्छ करा, नाहीतर नवा घाला. तार कापू नका.

एक धोका मात्र कोणत्याच स्विचला दिसत नाही. तो म्हणजे गाडी उभी आहे ती जागा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये, किंवा धुराची नळी बर्फात बुजलेली असताना हे बटण दाबायचं नाही. गॅरेजचं दार उघडं आहे, एवढ्यावर विसंबू नये. खिशात चुकून दाबलं जाणारं बटणही तितकंच घातक. म्हणून गाडी गॅरेजमध्ये ठेवताना यंत्रणा बंद करून ठेवावी.

तेव्हा ही सोय घ्यायला जाल, तेव्हा किंमत विचारण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा: 'ही गाडी केव्हा केव्हा सुरू होणार नाही?' आणि पैसे देण्याआधी ते पाहूनही घ्या. बॉनेट उघडं ठेवून, स्वतः बाजूला उभं राहून बटण दाबा. गाडी गप्प राहिली, तर काम चोख झालं म्हणून खुशाल पैसे द्या.