मद्य आणि वेदनाशामक गोळी

लग्नकार्याची किंवा सणाची रात्र सरली, की ठाणाकुशनूरच्या परिसरातही काही घरांतील कर्ता पुरुष सकाळी डोके धरून बसतो. घरधनीण किराणा दुकानातून गोळी आणवते व चहाबरोबर देते. तिचा हेतू मायेचा असतो. परंतु मद्य घेतलेल्या देहात ती गोळी काय करते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरकाची विक्री बंद झाली, तरी मद्य गावांतून गेलेले नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सर्व वेदनाशामके सारखी नसतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक ही औषधे जठराच्या आतील अस्तराचे संरक्षण कमी करतात. मद्यही त्याच अस्तराचा दाह करते. दोहोंची गाठ पडली, की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

पॅरासिटामॉल जठराला सौम्य असते. पण त्याचा निचरा यकृत करते. त्या वेळी थोडे विषारी द्रव्य तयार होते व यकृतातील ग्लुटाथायोन त्यास निष्प्रभ करते. रोज पिणाऱ्याच्या देहात हे विष अधिक बनते, तर उपाशीपणामुळे ग्लुटाथायोन उणे पडते. क्वचित थोडे मद्य घेतलेल्या निरोगी प्रौढास नेमक्या मात्रेतील पॅरासिटामॉल सहसा बाधत नाही. खरा धोका नित्य पिणाऱ्यास व मात्रा ओलांडणाऱ्यास आहे. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. नित्य पिणाऱ्यास डॉक्टर बहुधा २ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांच्या, आत राहावयास सांगतात. काँबिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेनसोबत पॅरासिटामॉलही असते, हे अनेकांस ठाऊक नसते. तिच्याजोडीला डोलो घेतल्यास मात्रा नकळत वाढते.

मग डोके दुखल्यास काय करावे? भरपूर पाणी, मीठ-साखरेचे पाणी, हलके अन्न आणि विश्रांती. झोपेच्या किंवा ट्रामाडॉलसारख्या गोळ्या मद्यावर मुळीच घेऊ नयेत. श्वास मंदावून प्राणावर बेतते. पिऊन पडल्याने डोक्यास मार बसला असेल, तर गोळी देऊन वाट पाहू नये. काळे डांबरासारखे शौच, रक्ताची उलटी, डोळ्यांची पिवळी झाक, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा जागे न होणारी गुंगी दिसताच १०८ वर दूरध्वनी करावा.

पॅरासिटामॉल अधिक पोटात गेले, तर पहिला दिवस रोगी बरा दिसू शकतो. यकृताची हानी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. त्यावरील उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत गुणकारी ठरतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शेवटी एक विनंती. डॉक्टरांनी विचारले असता किती व केव्हा प्यालो, हे पुरुषांनी खरे सांगावे. घरच्यांनीही अब्रूच्या भयाने ते झाकू नये. डॉक्टरांपुढची लाज क्षणाची असते. लपविलेल्या गोष्टीचे मोल मात्र सारे कुटुंब भरते.