जुनी मोटार : चाके आणि ब्रेक यांची निगा

बैलबंडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. बंडी बाहेर काढण्याआधी शेतकरी काय करतो? चाक हलवून पाहतो. आसाला वंगण देतो. धाव सैल झाली असेल तर लोहाराकडे नेतो. चाकाची खीळ जागेवर आहे की नाही, हे तर आधी पाहतो. खीळ निसटली की चाक निसटणार, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

मोटारीचंही असंच आहे. फरक इतकाच की बंडीचे चाक उघडे असते, त्याचे दुखणे डोळ्यांना दिसते. मोटारीच्या चाकातले दुखणे झाकलेले असते. म्हणून ते मुद्दाम पाहावे लागते.

आमच्या आसगावच्या बाजूला, म्हणजे पवनीच्या चौरास भागात, धानाची शेती आहे. पावसाळ्यात चिखल आणि पाणी, उन्हाळ्यात धूळ. अशा मुलखात जुनी जीप, जुनी अँबेसेडर किंवा जुनी फियाट कोणी हौसेने सांभाळून ठेवतो. लग्नात नवरदेवाला त्याच गाडीतून नेतात. मंडईच्या दिवसांत तिच्यातून पाहुणे येतात. गाडीत आपली लेकरे-बाळे बसलेली असतात. तेव्हा गाडी चकचकीत आहे की नाही, हे नंतर पाहू. ती वेळेवर थांबते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

जुन्या गाड्या कोणत्या?

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत जीपगाड्या मुंबईत जुळवल्या जाऊ लागल्या. फियाट गाडी मुंबईच्या कुर्ला भागात तयार होत असे; पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांना माहीत होती. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. अँबेसेडर बंगालमधल्या उत्तरपाडा येथे तयार होत असे. २०१४ साली तिचे काम थांबले. म्हणजे या गाड्या आता नव्या मिळत नाहीत. आहेत त्याच सांभाळायच्या.

हवा भरलेले चाक

पूर्वी चाकावर भरीव रबर असे किंवा लोखंडी धाव असे. हवेने भरलेले टायर १८८८ साली जॉन डनलॉप या गृहस्थाने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तयार केले. हा गृहस्थ मूळचा गुरांचा डॉक्टर. मुलाला धक्के बसू नयेत एवढाच त्याचा विचार होता. आज सगळ्या जगाच्या गाड्या हवेवर चालतात.

गाडीचे ओझे टायरातली हवाच उचलते. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, टायर तापते आणि फुटू शकते. हवा जास्त असेल तर मधला भाग झिजतो आणि गाडी उडते. म्हणून आठवड्यातून एकदा हवा तपासावी. टायर थंड असताना तपासावी, कारण गाडी चालली की आतली हवा गरम होऊन दाब वाढतो. किती हवा भरायची, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. अंदाजाने भरू नये. स्टेपनीची हवाही पाहावी. ऐन वेळी स्टेपनीच बसलेली निघाली तर तिचा काय उपयोग?

मग टायरवर हात फिरवावा. खाच १.६ मिलीमीटरपेक्षा कमी उरली असेल तर ते टायर कायद्याने रस्त्यावर चालत नाही. ओल्या रस्त्यावर खाचेतून पाणी बाहेर जाते. खाच नसली की चाक पाण्यावर घसरते.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट असते. गाडी फार चालत नाही, म्हणून टायरची खाच नव्यासारखी दिसते. पण रबर वयाने कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. असे टायर दिसायला चांगले, पण भरवशाचे नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले. आता आपल्याला वाचता येते. टायर विकत घेताना हे आकडे स्वतः वाचून घ्यावे.

चाक काढताना

गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. जॅक घसरतो आणि माणूस खाली सापडतो. खाली लोखंडी घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. विटा ठेवू नयेत. वीट एकाएकी फुटते.

नट बसवताना समोरासमोरचे कसावेत, एकापुढचा एक ओळीने नाही. म्हणजे चाक सरळ बसते. थोडे अंतर चालून आल्यावर नट पुन्हा एकदा पाहावेत. काही जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तेथे नेहमीच्या दिशेने जोर लावला तर नट सैल होण्याऐवजी आणखी कसतो आणि बोल्ट तुटतो. म्हणून आधी आटे पाहावेत, मग पाना लावावा.

चाक उचललेले असताना वर आणि खाली धरून हलवून पाहावे. डुगडुगत असेल, किंवा फिरवताना घरघर आवाज येत असेल, तर आतले बेअरिंग तपासायला हवे. बेअरिंग म्हणजे पोलादी गोळ्यांची किंवा रुळांची कडी. बंडीच्या आसाला जसे वंगण, तसे हिला ग्रीस. पाण्यातून, चिखलातून गाडी गेली की ग्रीस खराब होते. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जुने ग्रीस धुऊन नवे भरावे. पुढच्या चाकाच्या नटाला आडवी पिन असते. हीच मोटारीची खीळ. काढलेली पिन पुन्हा वापरू नये. नवी पिन फार महाग नसते.

ब्रेक कसा काम करतो?

उतारावर बैल मान मागे घेऊन बंडी अडवतात. मोटारीला बैल नाहीत. तिचे सगळे ओझे ब्रेकने अडवायचे असते.

या जुन्या गाड्यांच्या चाकात ड्रम असतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे. त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना शू म्हणतात. शूवर लायनर चिकटवलेले असते. आपण पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते. ते तेल शूला बाहेर रेटते. लायनर ड्रमवर घासते आणि चाक थांबते. दोन्ही तळहात जोराने एकमेकांवर घासून पाहा, गरम होतात. गाडीचा वेगही तसाच घासून घासून उष्णता होऊन जातो.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यापासून थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर समजा १० हातांत थांबते. तीच गाडी ६० ने जात असेल तर ४० हात घेईल. मधे एखादे पोर आले तर? म्हणून जुनी गाडी बेताने चालवावी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा चालतो. जुन्या गाड्यांत बहुधा एकच मार्ग असतो. एका चाकाजवळची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून थोडीशी गळतीसुद्धा लहान समजू नये.

ब्रेक काय सांगतो?

पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर तेलात हवा शिरली आहे. पेडल फार खाली जात असेल तर लायनर झिजले आहे, शू जवळ आणायला हवेत. पेडल दाबून धरले आणि ते हळूहळू खाली बसू लागले, तर मास्टर सिलिंडरमधले रबर गेले आहे किंवा कुठे गळती आहे. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक कमी धरतो, किंवा त्या बाजूची हवा कमी आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर तेथले सिलिंडर गळते आहे. लायनरला तेल लागले की ते घसरते. कर्रकर्र असा लोखंडी आवाज आला तर लायनर संपले आहे. गाडी तेथेच थांबवावी.

ब्रेकचे तेल दर आठवड्याला पाहावे. लायनर झिजते तसे ते थोडे थोडे उतरते. एकदम उतरले तर गळती शोधावी, नुसते वरून भरत बसू नये. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच ब्रेक ऑइल घालावे. इंजिनचे तेल किंवा घासलेट कधीही घालू नये. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक जातो. हे तेल हवेतला ओलावा पितं. ओलावा शिरला की तेल कमी उष्णतेला उकळते आणि आतून नळ्या गंजतात. म्हणून दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे. बदलताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करून हवा आणि तेल बाहेर सोडायचे आणि पेडल वर येण्याआधी स्क्रू बंद करायचा. निघालेले तेल पुन्हा भरू नये. हे काम पहिल्यांदा मिस्त्रीच्या हाताखालीच शिकावे.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन मोठा आजार होतो. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि ब्रेक लागत नाही. पाण्याबाहेर आल्यावर सावकाश चालवीत पेडल हलकेच दाबत राहावे. घासून ते सुकते. मगच वेग घ्यावा.

गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवायची असेल तर हातब्रेक ओढून ठेवू नये. शू गंजून ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना गुटके लावावेत.

चालताना ब्रेक गेला तर?

घाबरू नये. पेडल भराभर दाबत राहावे, कधी कधी थोडा ब्रेक परत येतो. पायातला ॲक्सिलरेटर सोडून गिअर एकेक करून खाली आणावा. हातब्रेक हळूहळू ओढावा. एकदम ओढला तर गाडी फिरते. हॉर्न वाजवत राहावे. किल्ली बंद करू नये, इंजिनच गाडीला अडवत असते. थांबल्यावर मात्र ती गाडी दुरुस्त झाल्याशिवाय हलवू नये.

कायदा काय म्हणतो?

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी पुन्हा करावी लागते, आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. ५० वर्षांवरच्या जुन्या गाडीसाठी २०२१ साली वेगळे नियम झाले. त्या नियमाखाली नोंदलेली गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याची जुनी गाडी ठरवताना हे विचारून घ्यावे.

घरात एक वही ठेवावी. हवा कधी पाहिली, ग्रीस कधी भरले, तेल कधी बदलले, ते तारखेसह लिहावे. मिस्त्रीने काय काम केले, तेही लिहावे. आठवण विसरते, वही विसरत नाही. आणि निघण्याआधी, अंगणातच, दहा पावले गाडी चालवून एकदा ब्रेक लावून पाहावा. तो नीट लागला, तरच माणसे गाडीत बसवावीत.