रात्री मोटार चालू करायला निघालात? डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो

भोर : रात्री थ्री फेज लाईट आली की मोबाईल खिशात टाकून शेतकरी थेट मोटारीकडे निघतो. घरातल्या उजेडातून बाहेर पाय टाकला की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. बांध कुठे, पाट कुठे, सगळं काळं. मग हळूहळू दिसायला लागतं. ‘डोळे सरावले’ असं आपण म्हणतो. हे सरावणं नक्की काय असतं, हे भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यात रात्रीचं पाणी धरणाऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते म्हणून दिसतं, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं, पण थोडंच. बाहुली दोन मिलिमीटरपासून सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. त्याने डोळ्यात शिरणारा उजेड फार तर पंधरा-सोळा पट वाढतो. दुपारचं ऊन आणि अवसेची रात्र यांतला फरक मात्र कोट्यवधी पटींचा आहे. तो सांभाळायचं काम डोळ्याच्या मागचा पडदा करतो.

या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. दहावीच्या पुस्तकात त्यांची नावं आहेत, शंक्वाकार आणि दंडाकार. शंक्वाकार पेशी साधारण ६० लाख, त्या दिवसाच्या. रंग आणि बारकावे त्याच दाखवतात. दंडाकार पेशी जवळपास १२ कोटी, त्या रात्रीच्या. त्यांना रंग कळत नाही. म्हणूनच तिन्हीसांजेला लाल जास्वंद आधी काळी पडते, पानं त्यानंतरही थोडी उजळ दिसतात.

दंडाकार पेशीत जांभळट रंगाचं एक द्रव्य असतं. उजेड पडला की ते विटतं, अंधारात पुन्हा तयार होतं. विटायला क्षण पुरतो, पण पुरतं भरून यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त. म्हणजे वीस मिनिटं अंधारात चालून सरावलेल्या डोळ्यांनी एकदा मोबाईलच्या झगझगीत स्क्रीनवर मेसेज वाचला, की बरीचशी कमाई गेली. म्हाताऱ्या माणसाला तर आणखी वेळ लागतो, कारण त्याची बाहुलीही पुरती उघडत नाही.

उलट बाजूला काम झटपट होतं. कात्रजच्या बोगद्यातून उन्हात बाहेर पडताना डोळे दिपतात, पण लगेच सावरतात. आत शिरताना मात्र काळा गॉगल डोळ्यावर असेल तर मोटारसायकलवाल्याला पुढचं दिसायला जास्त वेळ जातो.

आता कोणी म्हणेल, मग बॅटरी न लावताच जावं का? अजिबात नाही. सरावलेले डोळे बांधाची रेघ दाखवतात. बांधावर पडलंय ती दोरी की मण्यार, हे ते सांगू शकत नाहीत. बॅटरी हवीच, फक्त झोत पायापुढे ठेवावा. स्वतःच्या किंवा सोबत्याच्या तोंडावर मारू नये. मोबाईल बघायचाच असेल तर एक डोळा मिटून बघावा. मिटलेल्या डोळ्याची सवय बऱ्यापैकी टिकते, कारण दोन्ही डोळे आपापले सरावतात. वरंधा घाटात समोरच्या गाडीचा लाईट अंगावर आला की त्याच्याकडे न बघता वेग कमी करून रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी, ती याचसाठी.

अर्धा तास होऊनही कोणाला अंधारात चाचपडावं लागत असेल तर तो रातांधळेपणा असू शकतो. ते जांभळट द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वाशिवाय बनत नाही. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, अंड्याचा बलक यांतून ते मिळतं. लहान मुलांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी त्याचा डोस सरकारी लसीकरणात फुकट पाजतात, एकूण नऊ वेळा. दीड-दोन वर्षांनंतर लसीच्या तारखा लांब लांब असतात आणि पुढचे डोस राहून जातात. पोराचं कार्ड काढून आशाताईंना एकदा दाखवलं तर किती झाले, किती राहिले ते लगेच कळतं.